हेल्मेटवरची टकटक

त्या मोटारसायकलला मी म्हैस म्हणायचो. बुटकी, रुंद, ऐसपैस. उभी असली तरी बसल्यासारखी दिसायची. दोन्ही हात पसरून धरावं लागेल असं लांबरुंद हँडल, त्याच्या टोकांना चामड्याच्या झालरी, पाय ठेवायचे ते पुढे, आरामखुर्चीत बसल्यासारखे. आणि एवढ्या सगळ्या थाटाच्या पोटात इंजिन केवढं, तर एवढंसं. मी सगळा जन्म ट्रक चालवण्यात घालवला, एका डोळ्याने दगा दिला म्हणून या डायलिसिस सेंटरच्या गेटवर वॉचमन होऊन बसलो. तेव्हा गाडीला नावं ठेवायचा हक्क मला आहे. टेलर तर म्हणायचे, ड्रायव्हरसाहेब, तोंड बंद ठेवून आवाज ऐका, माझ्या शिलाई मशीनचाच आहे.

टेलर आमचे पेशंट. किडन्या दोन्ही गेलेल्या. आठवड्यातून तीनदा सकाळी पहिल्या पाळीला यायचं, हातात सुया खुपसून मशीनला जोडून घ्यायचं, चार तास छताकडे बघत पडायचं आणि उतरलेल्या तोंडाने घरी जायचं. त्यांना आणायचा त्यांचा मुलगा, याच म्हशीवरून. कुणा फोटोग्राफरकडून त्याने ती जुनी घेतली होती. मागच्या सीटला चांगली उंच पाठ होती, म्हातारा टेकून बसायचा, हे एक बरं होतं. बाकी मुलाचं लक्ष बापापेक्षा गाडीच्या आरशात जास्त.

एक दिवस त्याने बापाला आत सोडलं, म्हैस मागच्या अंगणात लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, काका, बायको न्यायला येईल, तिच्याकडे द्या, मला जरा काम आहे. ते काम अजून संपलेलं नाही. फोन बंद, दुकानातली नोकरी आठवड्याआधीच सोडलेली. दुसऱ्या शहरात कुणाबरोबर तरी राहतो म्हणे. बापाला मशीनला जोडून पळाला, बघा. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

दुपारी सून आली. टेलर तिला पोरी म्हणायचे, आम्ही सगळे सूनबाई. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. अंगाला कायम भाजलेल्या साखरेचा वास. बारीक चणीची, बोलायला कमी. मी किल्ली पुढे केली तेव्हा तिने आधी किल्लीकडे पाहिलं, मग म्हशीकडे, आणि तिथल्या तिथे तिला सगळं कळलं असावं, कारण मला तिने काहीच विचारलं नाही. सासऱ्याला हाताला धरून बाहेर आणलं, रिक्षात बसवलं आणि निघून गेली. म्हैस अंगणातच राहिली.

पुढचे काही आठवडे त्या दोघांचे हाल मी दर खेपेला बघत होतो. त्यांच्या बाजूची पहिली बस उशिरा सुटते. रिक्षावाले एवढ्या पहाटे एवढ्या लांब यायला तयार नसत, आणि तयार असत तेव्हा तिला ते झेपण्यासारखं नसे. बसच्या पायऱ्या चढताना टेलर दोनदा पडता पडता वाचले. आमच्या सेंटरचा नियम कडक आहे, आणि नियम करणारे वरच्या मजल्यावर बसतात, त्यांना पायऱ्या दिसत नाहीत. वेळेला पोचला नाहीत तर खाट पुढच्याला. वारंवार उशीर झाला तर पहिली पाळी कायमची गेली. दुसरी पाळी घ्यावी तर सूनबाईचा दुपारचा कारखाना बुडतो. नोकरी गेली तर दोघं खाणार काय. हे सगळं ती मला बाकावर बसून सांगत होती, रडत वगैरे नाही, भाजीचे भाव सांगावेत तसं.

मी म्हटलं, म्हैस आहे की.

ती म्हणाली, मला सायकलसुद्धा येत नाही, काका.

आता सायकल न येणारीने मोटारसायकल शिकायची म्हणजे डोक्याला तापच. पण खरं सांगायचं तर म्हैस तिच्यासाठीच केल्यासारखी होती. सीट इतकी खाली की तिचे दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकायचे. नवशिक्याला धीर लागतो तो पाय टेकण्याचा, बाकीचं मागून येतं. सासरा मशीनवर पडलेला असायचा ते चार तास तिच्याकडे होते, माझ्याकडे मागचं अंगण होतं, आणि शिव्या देण्याचा सराव तर माझा जुनाच. ठरलं.

पहिल्या दिवशी मी तिला गाडी चालवू दिलीच नाही. आडवी पाडायला लावली आणि उचलायला लावली. हँडलला धरून ओढशील तर कंबर मोडेल, म्हटलं; सीटला पाठ लाव, गुडघे वाकव, पायांच्या जोरावर मागे मागे ढकलत उठ. तिला वाटलं हा म्हातारा मजा बघतोय. तिसऱ्यांदा म्हैस उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर घामाबरोबर पहिल्यांदा काहीतरी बरं दिसलं. पुढे ती अंगणात कितीदा तरी पडली, पण उठवायला मला एकदाही हाक मारली नाही.

मग क्लच. क्लच सोडायचा नाही, सोडत जायचा. मग ब्रेक. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलास की पडलीस, हे मी तिला ओरडून सांगितलं, तरी ती दाबायचीच, सगळे नवशिके दाबतात. हळू चालताना मागचा ब्रेक पायाने अलगद धरून ठेवायचा, क्लच अर्धा, इंजिन जरासं चढं. लांब गाडी आहे, वळायला जागा घे, आधी बाहेर जा मग आत ये. आणि मुख्य म्हणजे चाकाकडे बघू नकोस. खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यात जाशील. जायचंय तिथे बघ. हे तिला सगळ्यात जड गेलं. त्या पोरीला आयुष्यात कुणी पुढे बघायची मुभाच दिली नव्हती.

म्हशीची खोडही तिने हळूहळू ओळखली. सकाळी थंड असताना चोक ओढून जरा वेळ तशीच राहू द्यायची, घाई केली की बंद पडायची. चेनला तेल, टायरला हवा, हे ती स्वतः बघायला लागली. वेगाच्या नादी लावायची नाही. एका मध्यम चालीवर म्हैस इतकी खूश राहायची की आरसे थरथरायचे थांबत. जास्त पिळलं की सगळं अंग हलायला लागे. एवढ्याशा इंजिनाकडून एवढ्या मोठ्या अंगाची कामं करून घ्यायची तर त्याच्या कलाने घ्यावं लागतं. झालरी तिने पहिल्याच आठवड्यात कापून टाकल्या.

एकटीला जमलं, तरी मागे आजारी माणूस घेऊन जायचं म्हणजे वेगळीच गोष्ट. सेंटरमध्ये औषधी पाण्याचे रिकामे प्लास्टिकचे कॅन ढिगाने पडलेले असतात. ते नळाच्या पाण्याने भरले, टेलरच्या वजनाइतके झाले तेवढे मागच्या सीटला दोरीने आवळले, आणि तिला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. टेलर मशीनवरून सुटून बाहेर आले तर त्यांच्या जागेवर सहा कॅन. म्हणाले, वा रे न्याय, मला घोटभर पाणी देत नाहीत आणि माझ्या जागी पाण्यालाच फिरवताय! हसून हसून त्यांना खोकला आला. त्यांना दिवसाला मोजून दोन पेले पाणी होतं. उन्हाळ्यात ते बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे आणि चोरून कूलरपाशी घुटमळायचे, मी आणि सिस्टर पाळत ठेवायचो.

लायसन्स मिळालं आणि टेलर स्वतः मागे बसायला लागले. त्याआधी त्यांनी एक पट्टा शिवला. जाड ताडपत्रीचा, चांगला वीतभर रुंद, दुहेरी टाका, आतून मऊ अस्तर. छातीवरून घेऊन सीटच्या उंच पाठीला बकलने अडकवायचा. मला तो आवडला नव्हता. गाडी पडली तर तुम्ही तिच्यासकट जाल, म्हटलं. ते म्हणाले, आणि नसेल तर मी एकटा जाईन, डोळा लागला की. पट्टा मात्र असा शिवला होता की म्हैस भंगारात गेली असती तरी पट्टा टिकला असता.

कॅन आणि माणूस यात फरक असतो. कॅन गप्प बसतात, वळणाला गाडीबरोबर झुकतात. माणूस घाबरतो. टेलर प्रत्येक वळणाला उलट्या अंगाला रेलायचे, की म्हैस डुगडुगलीच. आणि त्यांचं ते टोपण! शिवताना मधल्या बोटात घालतात ते पितळी टोपण. धंदा सुटला तरी त्यांच्या बोटातून ते सुटलं नव्हतं. त्याने ते सूनबाईच्या हेल्मेटवर मागून वाजवायचे. एकदा टक म्हणजे हळू घे. दोनदा टकटक म्हणजे थांब. सुरुवातीला तर घरापासून सेंटरपर्यंत नुसता पाऊस. गेटमधून ती दोघं आत यायची तेव्हा मला आधी टकटक ऐकू यायची, मग इंजिन.

मीच एकदा म्हटलं, सूनबाई, ज्या दिवशी घरापासून इथवर एकही टक न होता येशील, त्या दिवशी मी तुला ड्रायव्हर म्हणेन. टेलरनी लगेच मान डोलावली, परीक्षक मी! झालं, तेव्हापासून दर खेपेला गेटवर निकाल लागायला लागला. ती बोटं वर करायची, आज पाच, आज तीन. एकदा एकच. ती एक टक आमच्या गेटपुढच्या गतिरोधकावर, गाडी चांगली मुंगीच्या पायाने आणलेली असताना. ती उतरून माझ्याकडे बघायला लागली, काका, ही मोजायची का, हे मुद्दाम करतात. मोजायची, असं टेलर हेल्मेटच्या आतून म्हणाले.

मला ते खटकलं. ती आत पाणी प्यायला गेली तेव्हा मी टेलरना चांगलं झापलं. पोरगी एवढं करतेय तुमच्यासाठी, माहेरचे रोज सांगतात ये निघून, तरी राहिलीय. एकदा तोंडभरून पास म्हणायला काय होतं?

टेलर बोटातलं टोपण फिरवत राहिले. मग म्हणाले, "शिकली की जाईल, ड्रायव्हरसाहेब. गाडी हातात आली की माणूस थांबत नाही. मी बघितलंय."

"तुमचा मुलगा गाडी येत होती म्हणून नाही गेला," मी म्हटलं. "नालायक होता म्हणून गेला."

हे असं तोंडावर बोलायला नको होतं कदाचित, पण माझं तोंड हे असं आहे. नंतर दोघांनीही तो विषय काढला नाही. टकटक मात्र चालू राहिली, दोन, तीन, दोन. आणि एकदाही त्यांची पाळी चुकली नाही, हे पण सांगायला हवं. पावसात रेनकोट घालून, धुक्यात दिवा लावून, म्हैस वेळेच्या आधी गेटमध्ये हजर. आमच्या सेंटरला अँब्युलन्समधून येणारे पेशंट उशिरा पोचायचे, आणि टेलर जुन्या म्हशीवरून पहिले.

रविवार मधे येतो तेव्हा पेशंटना मशीनशिवाय लांबचा पल्ला काढावा लागतो. सोमवारची सकाळ आमच्याकडे सगळ्यात वाईट. अंगात पाणी साठून पेशंट फुगून येतात, चेहरे सुजलेले, धाप लागलेली. त्यातून उन्हाळा होता. त्या सोमवारी मी गेटवर उभा होतो. म्हशीचा आवाज लांबून ऐकू आला, एकसुरी, निवांत. कोपऱ्यावरचं वळण तिने असं घेतलं की मी बघतच राहिलो. आधी बाहेर, मग आत, नजर लांब गेटवर. गतिरोधकावर मागचा ब्रेक अलगद, म्हैस हलकेच चढली, हलकेच उतरली. मागे टेलर पट्ट्यात नीट बसलेले, हेल्मेट छातीवर टेकलेलं.

मी ओरडलो, आज झोपवूनच आणलंस की म्हाताऱ्याला!

ती हसत होती. तिला तशी हसताना मी पहिल्यांदा पाहिली. पाय टेकले, इंजिन बंद केलं, हेल्मेटची काच वर केली आणि मला हाताची मूठ दाखवली. शून्य.

"काका, एकही नाही," ती म्हणाली. "वळणांनासुद्धा माझ्याबरोबर झुकले आज. उलटे नाही रेलले."

मी पट्ट्याचं बकल काढायला गेलो. टेलर, उठा, निकाल लागला, असं म्हणत मी त्यांचं हेल्मेट वर केलं आणि माझे हात तिथेच राहिले. ट्रकच्या धंद्यात मी मेलेली माणसं पाहिलीत. दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. तरी मी सिस्टरला हाका मारल्या, स्ट्रेचर आलं, आत नेलं, डॉक्टर छाती दाबत राहिले. सूनबाई दारात उभी. हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं होतं, तिला ते पुसायचं सुचलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अर्ध्या रस्त्यात कधीतरी. लांबच्या पल्ल्यानंतर असं होतं. इथे असते तरी काही सांगता आलं नसतं. चांगला माणूस आहे, तरुण आहे, त्याने सगळं समजावून सांगितलं. ती मान हलवत होती. मग ती बाहेर येऊन माझ्या बाकावर बसली. हेल्मेट डोक्यातच. मी ते काढायला लागलो तर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. मी तिच्या शेजारी बसलो.

मग तिने विचारलं, "काका, ते वाजवत राहिले असतील आणि मला ऐकू आलं नसेल, असं झालं असेल का?"

मी म्हटलं, नाही.

"थांब म्हणत असतील. आणि मी चालवतच राहिले. मला वाटलं, आज जमतंय."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली. हा प्रश्न आत गेला तर ही पोरगी पुन्हा गाडीला हात लावणार नाही, आणि गाडीचं सोडा, पुन्हा मान वर करणार नाही. मी उठून आत गेलो. टेलरना अजून खाटेवर ठेवलं होतं, चादर घालून. त्यांचे कपडे आवरायला सिस्टरला मी मदत केली. टोपण शर्टाच्या खिशात होतं. ते घेऊन मी बाहेर आलो आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे बघ कुठे होतं," मी म्हटलं. "खिशात. बोटात नव्हतंच. घरून निघतानाच काढून ठेवलं होतं त्यांनी. तुला पास करूनच बसले होते गाडीवर."

ती टोपणाकडे बघत राहिली. खरंच, असं तिने विचारलं. मी म्हटलं, खरंच, मला बोलले होते गेल्या खेपेला, आता टकटक बंद, पोरगी तयार झाली. आणि जाणार नाही, म्हणाले, आता मला भीती नाही. मग तिने हेल्मेट काढलं. हेल्मेट मांडीवर घेऊन ती जी रडली, ती आतल्या पेशंटनासुद्धा ऐकू गेली.

दुपारी मयताची गाडी आली, टेलरना तिच्यात ठेवलं. सूनबाईला मी म्हटलं, तू गाडीत बस, म्हैस राहू दे इथे. ती नको म्हणाली. टोपण तिने अंगठ्यात घातलं, कारण इतर बोटांना ते सैल होत होतं, आणि म्हैस चालू केली. रिकाम्या सीटवर पट्ट्याचं बकल तिने लावून घेतलं, लोंबून चाकात जाऊ नये म्हणून. पुढे ती गाडी, मागे ही, मध्यम चालीवर. गेटबाहेरच्या वळणाला तिने जागा घेतली आणि नजर लांब ठेवली, शिकवली होती तशी. ड्रायव्हर, असं मी म्हटलं, पण तिला ऐकू गेलं नसणार.

आता राहिलेलं सांगतो. चादरीखालून टेलरचा हात मी बाहेर घेतला होता. पाण्याने इतका सुजला होता की बोटं एकमेकांना चिकटत होती. मधल्या बोटाच्या पेरावर कातडी गोल खरवडली होती, ताजी, लालभडक. टोपण चढवायला त्यांनी जोर लावला होता. ते चढलं नाही, तेव्हा खिशात टाकलं.

टोपणाशिवाय, त्या सुजलेल्या मऊ हाताने, त्यांनी रस्त्यात तिच्या हेल्मेटवर किती वेळा मारलं असेल, किंवा मारलंच नसेल, ते मला माहीत नाही. मला टेलर काहीही बोलले नव्हते, गेल्या खेपेला नाही आणि कधीच नाही. सिस्टरनेही ते बोट पाहिलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी नको म्हणून मान हलवली, आणि तिने तो हात पुन्हा चादरीखाली घातला.

सूनबाई अजून कधीमधी येते, म्हशीवरून, माझ्या बाकावर बसते. टोपण दोऱ्यात ओवून गळ्यात घातलंय. प्रत्येक वेळी फिरून फिरून तेच विचारते, काका, ते नक्की काय म्हणाले होते? आणि मी दर वेळी सांगतो, अगदी शब्दाला शब्द जुळवून, चुकायला नको म्हणून पाठच करून ठेवलंय.